जीर्णोद्धार की प्रेतशृंगार?

गेल्या हिवाळ्यात नाशकात काही हौशी मंडळींनी जुन्या मोटारींचा एक लहानसा मेळावा भरविला होता. समारोपाच्या वेळी एका विद्वान गृहस्थांचे भाषण झाले. त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ असा की, जुनी वस्तू जशी आपल्या हाती आली तशीच ती पुढच्या पिढीच्या हाती सोपवावी. तिच्यात एक नवा स्क्रू जरी बसविला तरी तेवढ्या अंशाने ती खोटी होते. भाषा शुद्ध होती, विचारात वरवर पाहता दोष दिसत नव्हता, आणि श्रोत्यांनी टाळ्याही पुष्कळ वाजविल्या. मीही वाजविल्या. परंतु मंडपाबाहेर पडलो तो काय पाहतो? मघाशी ज्यांच्यापुढे उभे राहून लोक छायाचित्रे काढून घेत होते, त्यांतील कितीतरी गाड्या दोरांनी ओढून मालमोटारींवर चढविल्या जात होत्या. त्या स्वतःच्या चाकांवर आल्या नव्हत्या आणि जाणारही नव्हत्या. रंग आरशासारखा, पितळ सोन्यासारखे, आणि बॉनेटखाली इंजिन मृत! प्रेताला शृंगार करून पालखीत बसविण्याचा हा प्रकार आहे असे माझ्या मनात आले, आणि मघाच्या टाळ्यांची मला लाज वाटली.

त्या गृहस्थांची व्यक्तिशः निंदा करण्याचा ह्या लेखाचा हेतू नाही. त्यांचे मत त्यांचे एकट्याचे असते तर त्याचा समाचार घेण्याचे कारणही नव्हते. परंतु हे मत आमच्या सुशिक्षित वर्गात चांगलेच रुजले आहे आणि आता तर ते कायद्याच्या भाषेतही डोकावू लागले आहे. म्हणून त्याचा उघड प्रतिवाद करणे मला अवश्य वाटते. आणि तो करावयाचा तर आरंभ स्वतःच्या अपराधाच्या कबुलीनेच केला पाहिजे.

माझ्या वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षांची बाग होती. १९६६ साली त्यांनी एक जीप घेतली. महिंद्रांनी अमेरिकेतील विलीज कंपनीच्या परवान्याने बांधलेली, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी ती गाडी जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. ते बॉनेट उंच का, ह्याचेही एक कारण आहे. आधीच्या जीपच्या इंजिनात चारी सिलिंडरांच्या सर्व झडपा बाजूला असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणाऱ्या झडपा वर डोक्यात नेल्या व बाहेर टाकणाऱ्या बाजूलाच ठेवल्या. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि त्याच्या उंचीसाठी बॉनेटही उंच करावे लागले. रूप हे कार्यातून आले होते, शोभेसाठी नव्हे. वडील गेल्यावर ती जीप माझ्याकडे आली, आणि मी काय केले? तिचा रंग खरवडून नवा रंग दिला, आसने शिवून घेतली, दिव्यांची कडी चकचकीत केली. इंजिनाच्या पुढच्या बाजूने, गाडी उभी असताना, एक कोरडा खडखडाट कित्येक महिने येत होता. तो मी ऐकला आणि सोडून दिला. जुनी गाडी आहे, कुरकुरणारच, असे म्हणून मी मनाची समजूत घातली.

एके दिवशी त्र्यंबक रस्त्यावर, अंजनेरीच्या थोडे अलीकडे, इंजिन एकाएकी थांबले. आचका नाही, धूर नाही. दिवा मालवावा तसे ते मालवले. पेट्रोल होते, बॅटरी होती. शेवटी जुन्या नाशकातून माझ्या ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी कोणतेही उपकरण काढले नाही. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडले आणि मला म्हणाले, “सर, पुढून हँडल मारा.” मी हँडल फिरविले, क्रँक फिरत होता, परंतु डिस्ट्रिब्यूटरच्या आतला रोटर जागचा हलत नव्हता. त्यांनी झाकण लावून टाकले व एवढेच म्हणाले, “टायमिंग गिअर गेला. दात राहिले नाहीत.” अर्ध्या मिनिटात निदान झाले. महाविद्यालयात तीस वर्षे तर्कशुद्ध निबंधलेखन शिकविणाऱ्या मला इतके आटोपशीर अनुमान क्वचितच साधले असेल.

हा टायमिंग गिअर म्हणजे काय, हे साहित्याच्या मासिकात सांगितल्याबद्दल वाचक क्षमा करतील. कारण सर्व वाद त्याच्याभोवती फिरतो. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा एक कार्यचक्र पुरे होते: मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ते पेटवून त्याचा जोर घेणे आणि जळका वायू बाहेर टाकणे. ह्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या गतीने फिरला पाहिजे. हे काम दोन दंतचक्रे करतात. क्रँकवरचे लहान, पोलादी. कॅमशाफ्टवरचे त्याच्या दुप्पट दातांचे, मोठे. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर मोठे चक्र एक हजार घेते आणि प्रत्येक झडप मिनिटात हजार वेळा उघडते व मिटते. एका दाताची चूक झाली तरी इंजिन बेताल होते. शिवाय ह्या जीपमध्ये कॅमशाफ्टच तेलाचा पंप फिरवितो व त्या पंपाच्या दांड्यावरून डिस्ट्रिब्यूटर फिरतो. म्हणजे मोठ्या चक्राचे दात गेले की झडपा, ठिणगी आणि तेल ही तिन्ही एकदम थांबतात. म्हणूनच रोटर हलत नाही एवढे पाहून मिस्त्रींनी रोग ओळखला.

मोठे चक्र पोलादी नसते. कापडाचे थर राळेत भिजवून, दाबून, कठीण करून ते घडवितात. बाजारात त्याला फायबर गिअर म्हणतात. बेकलंडने १९०७ साली कृत्रिम राळ शोधून काढली, तिच्याच कुळातील ही वस्तू. पोलादाशी पोलाद घासले की कर्कश आवाज होतो. फायबर मऊ असल्यामुळे चाल मुकी राहते. फोर्डच्या १९२७ सालानंतरच्या ‘मॉडेल ए’ गाडीतही हीच योजना होती. फायबरची अट मात्र एक: त्याला सतत तेल मिळाले पाहिजे. जीपच्या इंजिनात त्यासाठी पुढच्या बाजूस एक बारीक जेट बसविलेला असतो, त्यातून दातांवर तेलाची धार पडते. ते छिद्र केवढे? जाड सुईचे टोक जाईल एवढे.

मिस्त्रींनी रेडिएटर उतरविला, पंख्याचा पट्टा काढला, क्रँकची पुली पुलर लावून ओढली, आणि टायमिंगचे कव्हर उघडले. आत फायबरच्या चक्राची कड खरडून गेलेली होती. दातांचा चुरा खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडून पंपाच्या जाळीला चिकटला होता. मी म्हणालो, नवा गिअर आणू या. मिस्त्री म्हणाले, “गिअर आणालच, पण दात कोणी खाल्ले ते आधी बघू.” त्यांनी बारीक तार घेऊन तेलाच्या जेटमध्ये घातली. ती आत गेली नाही. जेट काळ्या गाळाने पुरता बुजलेला होता.

आता माझी दुसरी कबुली. हा गिअर मूळचा नव्हता. मूळचा गिअर चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी तो झिजला तेव्हा मी गाडी एका कारखान्यात दिली होती. तेथे फायबरचे नवे चक्र बसवून, कव्हर रंगवून, गाडी परत मिळाली. तेथे जेट उघडून पाहिला गेला नव्हता, आणि क्रँकवरचे झिजलेले पोलादी चक्र तसेच ठेवले होते. झिजलेल्या दाताचा आकार बिघडलेला असतो. तो नव्या मऊ दाताला पहिल्या दिवसापासून कुरतडतो. म्हणून जाणता मिस्त्री ही चक्रे नेहमी जोडीने बदलतो. एकाच जातीचे दोन गिअर, एकाच गाडीत. एक चाळीस वर्षे टिकला, दुसरा पंधरा. दोष फायबरचा असता तर पहिलाही टिकला नसता. दोष होता तो न पाहिलेल्या छिद्राचा व अर्धवट दुरुस्तीचा, आणि ती दुरुस्ती पुरी झाली की नाही हे विचारण्याइतके कुतूहल नसलेल्या मालकाचाही.

गाडी उघडी पडली असताना मला तीन प्रकारचे सल्ले मिळाले, आणि ह्या तीन सल्ल्यांतच आमच्या समाजाच्या तीन वृत्ती मला दिसल्या.

पहिला सल्ला सुधारकाचा. त्याचे म्हणणे असे की, हे जुने इंजिनच काढून टाकावे व एखादे नवे डिझेल इंजिन बसवावे. गाडी दिसेल जुनी आणि चालेल नव्यासारखी. आमच्या जिल्ह्यात कित्येक जीपांची अशी गत झाली आहे. ज्याला रोज ओझी वाहून पोट भरावयाचे होते त्याने असे केले, तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु ज्याला जुनी गाडी जतन करावयाची आहे त्याने तिचे काळीज काढून टाकावे आणि कातडे तेवढे ठेवावे, ह्याला जतन कोण म्हणेल?

दुसरा सल्ला शुद्धिवाद्याचा. हे गृहस्थ मेळाव्यातील वक्त्याच्याच संप्रदायाचे. ते म्हणाले की, इंजिन उघडलेत हीच चूक झाली. आहे तसे बंद करून ठेवावे, प्रदर्शनात इंजिन चालू करून कोणी पाहत नाही. त्यांचे हे शेवटचे वाक्य खरे आहे, आणि तीच तर माझी तक्रार आहे.

तिसरा सल्ला मिस्त्रींचा. तो असा: जेट साफ करा, चेंबर उतरवून चुरा काढा, दोन्ही चक्रे जोडीने बदला, खुणा जुळवा, मग चालवा.

ह्या तिघांपैकी शास्त्रशुद्ध मत कोणाचे? मी म्हणतो, तिसऱ्याचे. आणि त्यासाठी मला परदेशी आधार शोधण्याचे कारण पडत नाही. यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन ह्यांच्या संवादात रथाचा दृष्टान्त आहे. रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय, असे नागसेन राजाला एकेक करून विचारतो. आणि ह्यांपैकी कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे, ह्या सर्वांच्या आश्रयाने जे नाव चालते तो रथ, हे राजाला कबूल करावे लागते. नाशकाच्या पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने कोरविलेले लेणे आहे. त्या लेण्याच्या गावात राहून हा दृष्टान्त विसरावयाचा, हे बरे नव्हे. जीप म्हणजे फायबरचे ते चक्र नव्हे. जीप म्हणजे त्या चक्राचे क्रँकशी, कॅमशी, झडपेशी आणि ठिणगीशी असलेले नाते. चक्र झिजले आणि त्याच जातीचे, तितक्याच दातांचे, त्याच खुणेचे दुसरे बसविले, तर नाते टिकते. चक्र जुनेच ठेवले आणि इंजिन बंद पाडले, तर वस्तू राहते आणि नाते मरते. मग खोटी गाडी कोणती?

आमच्या परंपरेत ह्यासाठी शब्दही आहे: जीर्णोद्धार. येथील सुंदरनारायणाचे मंदिर अठराव्या शतकातील. त्याचे दगड झिजून ठिसूळ झाले, तेव्हा राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जीर्ण दगड उतरवून त्या जागी तसेच घडविलेले नवे दगड बसविण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे ते मंदिर खोटे झाले असे कोणी म्हणत नाही. आणि कोणी उठून त्या शिखराच्या जागी सिमेंटची गच्ची घातली असती, तर तिला जीर्णोद्धारही कोणी म्हटले नसते.

साहित्याच्या वाचकांना ह्याहून जवळचे उदाहरण देतो. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लेखकांच्या हातून अशुद्धे शिरली होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, अनेक प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला. शुद्धिवाद्याचे तत्त्व लावावयाचे तर नाथांनी मोठाच अपराध केला. हाती आलेली प्रत जशीच्या तशी पुढे द्यावयास हवी होती. परंतु त्याच नाथांनी पुढील लोकांना असेही बजावून ठेवले की, ह्या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये. पाठशुद्धी आणि प्रक्षेप ह्यांतील भेद त्यांनी सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी इतका स्वच्छ दाखविला आहे. झिजलेला गिअर बदलणे ही पाठशुद्धी. डिझेल इंजिन बसविणे हा प्रक्षेप. सुधारकाला प्रक्षेप करावयाचा आहे आणि शुद्धिवाद्याला अशुद्ध पाठच पूजावयाचा आहे. नाथांची वाट दोघांनाही नको आहे.

आता कायद्याकडे वळू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार नियमांत ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व पुढच्या नूतनीकरणास पाच हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे चालते. सरकारने ह्या विषयाकडे लक्ष दिले, ह्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु त्यातील दोन अटींबद्दल माझे म्हणणे आहे. पहिली अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. सांगाडा, कवच किंवा इंजिन ह्यांत फेरफार होईल अशी मोठी दुरुस्ती त्यात झालेली नसावी. दुसरी अट अशी की, असे वाहन नेहमीच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणू नये. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती ह्यांसाठी तेवढे आणावे.

पहिल्या अटीचा हेतू डिझेलवाल्या सुधारकाला रोखण्याचा असणार, आणि तो योग्यच आहे. परंतु दुरुस्ती आणि फेरफार ही दोन भिन्न कर्मे तिने एकाच दावणीला बांधली आहेत. साध्या मालकाला ह्यातून काय बोध होतो? ‘इंजिन उघडलेस तर गाडी बाटेल.’ मग तो एक तर उघडत नाही, नाही तर चोरून उघडतो. टायमिंगचे कव्हर लोखंडी असते. त्याच्याआड फायबर आहे की ॲल्युमिनियम, जेट उघडा आहे की बुजलेला, हे कोणा परीक्षकाला दिसत नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे कव्हर रंगवून दिले गेले होते हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. ज्या व्यवस्थेत दुरुस्ती सांगण्यापेक्षा लपविणे सोयीचे, त्या व्यवस्थेत कव्हराचा रंगच उत्तम राहणार.

दुसऱ्या अटीविषयी एक गोष्ट मी प्रांजळपणे मान्य करतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाचा धूर आजच्या इंजिनापेक्षा पुष्कळ अधिक घाणेरडा असतो, आणि माझ्या हौसेसाठी शेजाऱ्याच्या मुलाने तो ओढावा असे मी म्हणणार नाही. शहरात, गर्दीच्या वेळी, ह्या गाड्या नकोत, हे मला मान्य आहे. परंतु अजिबात न चालणारे इंजिन नीट राहू शकत नाही. गाडी उभी राहिली की जुने तेल दाट होऊन गाळ बसतो, बारीक छिद्रे बुजतात, आणि ज्या दिवशी ती मिरवणुकीसाठी सुरू करावी त्या दिवशी कोरडे दात कोरड्या दातांवर घासतात. तेव्हा धुराची मर्यादा घालावयाची असेल ती घालावी. महिन्याला अमुक मैल, अमुक वेळी, असे बंधन घालावे. परंतु नियमित चालविण्याची मुळातच बंदी म्हणजे रोग्याला अन्न बंद करून त्याची प्रकृती जतन करण्यासारखे आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न, त्यासाठी एवढा शब्दांचा खर्च कशाला?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हाच माझ्या लेखाचा गाभा आहे. माझ्या जीपचे काम ज्या मिस्त्रींनी केले त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. फायबरच्या चक्रावर हातोडा न घालता, मधल्या लोखंडी नाभीवर बोल्टाचा ताण देत ते हळूहळू आत कसे ओढून घ्यावे. दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर कशा आणाव्या. दातांमधला ‘प्ले’ शून्य ते दोन सहस्रांश इंच, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, राहिला आहे की नाही हे कसे मोजावे. हे सर्व त्यांच्या बोटांत आहे. मोजमापाची पट्टी त्यांच्याजवळ होती. पण पट्टी घालण्यापूर्वी त्यांनी चक्र बोटाने हलवून जो अंदाज सांगितला तो पट्टीने खरा ठरविला. त्यांच्या हाताखाली आज एकही मुलगा नाही. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “सर, ह्या कामाला मान कुठे आहे? मुलगा म्हणतो, हात काळे कशाला करू?”

आणि हे कोणत्या गावात? ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे. सातपूर-अंबडच्या वसाहतींत यंत्रांची घरघर थांबत नाही. ज्या कंपनीने माझ्या वडिलांची जीप बांधली, तिचाच कारखाना येथे आहे आणि २००२ पासून तिची स्कॉर्पिओ गाडी येथेच तयार होत आली आहे. नवे यंत्र बांधणारे हजारो हात ज्या शहरात आहेत, त्यात जुने यंत्र समजून घेणारा मनुष्य शोधावा लागतो! बांधणे आणि दुरुस्त करणे ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. बांधणाऱ्याला एकच जागा माहीत असली तरी चालते. दुरुस्त करणाऱ्याला सगळ्या नात्यांचा विचार करावा लागतो. आणि हे ज्ञान केवळ जीपपुरते नाही. विहिरीवरचा पंप, शिंप्याचे यंत्र, पिठाची गिरणी, सर्वत्र प्रश्न तोच: बिघडले की टाकून द्यावयाचे, की ‘दात कोणी खाल्ले’ हे विचारावयाचे? टाकून देण्याची सवय लागलेल्या समाजात गरिबाचे नुकसान आधी होते. श्रीमंताला दुसरे विकत घेता येते.

ह्यात आम्हा साहित्यिकांचा आणि इंग्रजी शिकलेल्या प्राध्यापकांचा वाटा थोडा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकली दुरुस्त करण्यापासून आरंभ केला, लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली; आणि त्याच कारखान्यातून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबरे’ने पुढे मराठी मासिकांच्या जगात केवढे स्थान मिळविले हे सर्वांस ठाऊक आहे. नांगर आणि निबंध तेव्हा एका अंगणात नांदत होते. आज आमच्या वाङ्मयात यंत्र आलेच तर ते माणुसकीचा शत्रू म्हणून येते, किंवा स्मरणरंजनातील शोभेची वस्तू म्हणून येते. त्याच्या पोटात काय चालते हे ठाऊक नसलेला लेखक त्याच्याविषयी ह्याहून वेगळे काय लिहिणार? मी स्वतः अनेक वर्षे ‘यंत्रयुग’ हा शब्द वर्गात उच्चारीत आलो, आणि माझ्याच दारातील यंत्र महिनोन्महिने हाका मारीत असता मला त्याची भाषा कळली नाही.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे. म्हणून तीन सूचना करतो. पहिली: नियमात दुरुस्ती आणि फेरफार ह्यांची स्वतंत्र व्याख्या व्हावी, आणि प्रत्येक जुन्या गाडीची एक दुरुस्तीवही असावी. कोणता भाग कधी, कशासाठी बदलला आणि मूळ भाग कोठे ठेवला आहे, ह्याची त्यात नोंद असावी. दुरुस्ती सांगणाऱ्याची गाडी बाद होऊ नये, लपविणाऱ्याची व्हावी. दुसरी: प्रदर्शनाच्या परीक्षकांनी रंगाला गुण देण्यापूर्वी इंजिन सुरू करावयास सांगावे व कान देऊन ऐकावे. जी गाडी स्वतःच्या चाकांवर आली तिचा मान ट्रकवरून आलेलीपेक्षा मोठा असावा. तिसरी: औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा वृद्ध मिस्त्रींना आदराने पाचारण करावे, आणि त्यांचे ज्ञान मराठीत लिहून काढावे. हे काम यंत्रशाळेने एकटीने होणार नाही. तेथे भाषेचा मनुष्य हवा. चेंबर, प्ले, खूण, नाभी हे त्यांचे शब्द कोशात गेले पाहिजेत. ह्या कामी माझ्यासारख्या निरुद्योगी प्राध्यापकाचा उपयोग होत असेल तर मी वही घेऊन हजर आहे. आणि माझ्यापुरता आरंभ मी केलाही आहे. मिस्त्रींच्या दुकानात दर रविवारी सकाळी बसतो, ते सांगतात ते लिहून घेतो, आणि चुकलो की ते खोडावयास लावतात.

नवी जोडी मुंबईच्या चोरबाजारातून आली, फायबरचे आणि पोलादाचे, दोन्ही. जेट साफ झाला, खुणा जुळल्या, कव्हर बसले. झिजलेले जुने चक्र मी फेकले नाही; ते कापडात गुंडाळून, तारीख लिहून, कपाटात ठेवले आहे. त्या शुद्धिवादी मित्राने विचारले की, आता गाडीला विंटेजची नोंद मिळेल काय? मी म्हणालो, अर्ज करीन आणि गिअर बदलल्याचे त्यात स्पष्ट लिहीन. मिळाली तर उत्तम. परंतु ती मिळविण्यासाठी उभी राहण्याची अट पाळावी लागली आणि तेलाचा तो जेट पुन्हा बुजला, तर त्या पाटीचा मला उपयोग काय? तोवर मी पहाटे, रस्ते मोकळे असताना, तिला अंजनेरीपर्यंत नेऊन आणतो. पुढचा खडखडाट थांबला आहे. मिस्त्री परवा शेजारी बसले होते, वाटेत त्यांनी मला थांबावयास सांगितले, बॉनेटला कान लावला, आणि मान हलवून म्हणाले, “आता बोलते नीट.”